फिरकीचा तांब्या

चिक्कडपल्ली, हैदराबाद
ता. ११ सप्टेंबर १९५०

चि. सौ. भामास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि हातातलं काम तसंच टाकलं. वाटलं, ह्यांचं एखादं पत्र वाटेत अडकून आता आलं असेल. उघडलं तर खाली नाव तुझं. तुझा 'ळ' अगदी त्यांच्यासारखा आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा तू अंगठा उठवत होतीस. लिहायला कधी शिकलीस ते मला कुणी कळवलं नाही.

सासूबाईंचा पाय तसाच आहे. काठी धरून मोरीपर्यंत जातात. लेक गेला हे त्यांना समजतं, पण संध्याकाळी दार लोटलं की म्हणतात, "अजून दफ्तर सुटलं नाही का गं?" मी दिवा लावते.

समाचाराला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. आरोग्य खात्यातला माणूस, गावोगाव पाणी उकळून प्या म्हणून सांगणारा, तो विषमज्वरानं कसा गेला? मी म्हणते, ठाऊक नाही. पोलीस ॲक्शननंतर खात्यानं विचारलं, खेड्यात कोण जातो, तेव्हा हे आपणहून उठले आणि आपलंच गाव मागून घेतलं. दीड वर्ष ते कवडगावात तुमच्या घरी होते आणि मी इथे सासूबाईंपाशी. तार मिळून मी निघाले, तर दुधना नदीला पूर. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सोप्यातच बसले आणि सासूबाईंसाठी तशीच परतले, आत माजघरापर्यंतही आले नाही. त्यामुळे कुणाला ठाऊक असेल तर ते तुलाच.

दत्तोबा भावजींनी ट्रंक आणून दिली. कपडे, चष्मा, वहाणा मिळाल्या. फिरकीचा तांब्या त्यात नाही. ते निघाले तेव्हा मी स्वतः तो भरून, झाकण पिळून त्यांच्या खांद्याला अडकवला होता. ह्यातल्याखेरीज कुठलंही पाणी पिणार नाही अशी माझ्या गळ्याची शपथ घातली होती. तो तांब्या मला हवा आहे. पाठवून दे.

आणखी एक. पाकिटावर तू माझ्या नावामागे काहीच लिहिलेलं नाहीस. गं. भा. लिहीत जा. टाळून काही होत नाही.

तारामती

---

मु. कवडगाव, जि. परभणी
ता. २६ सप्टेंबर १९५०

ती. अक्कांस भामाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलं तरी ती दोन अक्षरं माझ्या हातून उतरत नाहीत. रागावू नका.

लिहायला मी दारावर शिकले. तुम्हाला माहीत आहे, दादा माझे थोरले दीर, भासरे. त्यांच्यासमोर मी कधी उभी राहिले नाही, बोलणं तर दूर. ते सोप्यात आणि मी माजघराच्या दाराआड. काय सांगायचं ते हवेत सांगायचे, "ज्यानं कुणी रांजणात हात घातला त्यानं पुन्हा घालू नये." मी आतून बांगड्या वाजवायची, म्हणजे ऐकलं. एक दिवस खडूनं स्वयंपाकघराच्या दारावरच लिहून ठेवलं. राखेनं हात धुवा. पाय धुऊन आत या. पाणी गाळा, उकळा, झाका. मला वाचता येईना, म्हणून शेजारची पोर वाचून दाखवायची आणि मी चुलीपाशी बसून तीच अक्षरं राखेत काढायची. अशी शिकले. ते खडूचं लिहिणं मी अजून पुसू दिलेलं नाही.

तुमचे दीर म्हणतात, घरात शिरायचं की कचेरीत तेच कळेना, दारावरच हुकूम!

दादांनी गुरं वेगळ्या छपरात बांधायला लावली. मोरीचं पाणी खड्ड्यात सोडून वर केळ लावली. धूर जायला चुलीमागच्या भिंतीला झरोका पाडला तेव्हा बायका हसायला लागल्या. म्हणाल्या, "भामानं चुलीला खिडकी केली, आता चूल बाहेर बघत बसंल अन् भाकर करपंल." आता त्यांच्यातल्या कितीतरी जणींकडे झरोका आहे.

तापाचं काय सांगू अक्का. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यात येतो असा ताप. आमच्या घरी पाणी उकळलेलंच असतं, हे मी देवापुढे सांगेन.

तांब्या घरातच आहे. चिंचेनं घासून ठेवला आहे. भरवशाचं माणूस मिळालं की पाठवते.

आत्याबाईंचा पाय जपा, त्यांना नमस्कार.

तुमची
भामा

---

चिक्कडपल्ली
ता. १९ ऑक्टोबर १९५०

चि. सौ. भामास आशीर्वाद.

पत्र वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माझ्या सासरच्या दारावर खडू? एकनाथ लहान होता तेव्हा त्यानं भिंतीवर रेघ ओढली म्हणून मी त्याला बदडला होता." मग हसल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.

मला हसू आलं नाही. का ते लिहिते.

पाय धुऊन आत या, हे मी या घरात लग्न झाल्यापासून सांगत आले. दफ्तरातून यायचे आणि चपला काढून थेट खाटेवर. मी बोलले की म्हणायचे, "तारा, मी दफ्तरातून आलोय, गोठ्यातून नाही." भांड्यात सरळ पेला बुडवायचे, बोटांसकट. मी ओगराळं खिळ्याला टांगून ठेवलं होतं, लांब दांड्याचं. ते त्याला 'ताराबाईंचा भाला' म्हणायचे आणि हात लावायचे नाहीत. पाणी उकळलं की बेचव लागतं म्हणून तोंड वाकडं करायचे. खात्यात नोकरी, आणि घरात मी मागे लागायची.

तेच सगळं त्यांनी तुझ्या दारावर नेऊन लिहिलं. माझ्याकडे मी कटकटी होते आणि तुझ्याकडे ते हुशार झाले. गावाला वाटत असेल की सरकारी साहेबानं केवढं ज्ञान आणलं.

दीड वर्षात मला आलेली त्यांची पत्रं पुन्हा वाचली. सगळ्यांत तेच ते. तबियत ठीक. आईला सांभाळ. शपथ पाळतो आहे. झरोक्याबद्दल नाही, केळीबद्दल नाही. तू लिहायला शिकलीस, हेही नाही.

इथल्या हिमायतनगरचे भगवंतराव मामा दिवाळीनंतर परभणीला कोर्टाच्या कामाला येणार आहेत. वाट वाकडी करून कवडगावला येतील. तांब्या त्यांच्याजवळ दे.

आणि विचारू नये, पण विचारते. शेवटी पाणी कुणाच्या हातून घेतलं?

तारामती

---

कवडगाव
ता. २२ नोव्हेंबर १९५०

ती. अक्कांस भामाचा साष्टांग नमस्कार.

भगवंतराव मामा आले तेव्हा मी कापूस वेचायला गेले होते. चुकामूक झाली. तांब्या पुढच्या खेपेला नक्की.

दादांच्या जागी खात्यानं नवीन साहेब दिला. जीपमधून येतो, चावडीपुढे उभा राहतो, छापील कागद वाटतो. बायका दाराआडून बघतात. परवा त्यानं पाणी उकळायचं सांगितलं, तर आतून एक म्हणाली, "सरपण बी धाडा म्हनावं जीपमधून!" सगळी आळी हसली. साहेब रागानं निघून गेला. आता कितीतरी घरांत पुन्हा रांजणात पेला बुडतो. झरोक्यांत चिंध्या कोंबल्या, थंडी वाजते म्हणून. खालच्या आळीत दोन लेकरांना जुलाब लागले होते, देवाच्या दयेनं वाचली.

बायका म्हणतात, ज्या बाईच्या घरचे हे नियम, ती एकदा येऊन सांगू दे. तिचं ऐकू. दादा सगळ्यांना सांगायचे ना, की हे माझं नाही, आमच्या घरचं आहे. तुम्ही याल का अक्का? आत्याबाईंनाही आणा.

एक फोटोवालाही आला होता सरकारचा. दारासकट, चुलीसकट फोटो काढून नेला.

शेवटचं पाणी त्यांनी माझ्या हातून घेतलं. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.

भामा

---

चिक्कडपल्ली
ता. १६ जानेवारी १९५१

सौ. भामास.

या वर्षी मी कुठे जाणार नव्हते. त्यांना जाऊन वर्ष व्हायचं आहे, बाहेर पडायचंही नसतं. पण भगवंतराव मामांची सून धावत आली. "तारावहिनी, तुमच्या दिराचं घर नुमाइशीत लागलंय!" दुपारच्या वेळी, गर्दी नसताना, तिच्याबरोबर रिक्षानं नामपल्लीच्या प्रदर्शनाला गेले.

आरोग्य खात्याच्या मांडवात तुझा फोटो आहे. माणसाएवढा मोठा. तुझी चूल, तुझी भांडी, तुझं दार आणि दारावर त्यांचं अक्षर. भासऱ्याच्या सावलीला न उभी राहणारी तू पदर डोक्यामागे सारून समोर बघते आहेस. खाली लिहिलं आहे, 'आदर्श ग्रामीण स्वयंपाकघर'. त्यांचं नाव कुठेही नाही. माझं असण्याचा प्रश्न नाही.

माझ्या शेजारी एक बाई उभी होती. म्हणाली, "कितना साफ रखी है घर. मरद नसीबवाला है." मी हो म्हटलं.

मग मी फोटोतलं एकेक भांडं पाहिलं. ओगराळं खिळ्याला टांगलेलं आहे, माझ्याकडे टांगलेलं असतं तसंच. गाळण्याचं फडकं आहे. रांजणावर झाकण आहे. बाजूला रिकामा खिळा आहे. तांब्या नाही.

तू लिहिलंस की घरात आहे, घासून ठेवला आहे. मामा म्हणाले, तू शेतात नव्हतीसच. मागच्या दारी होतीस, त्यांना तुझ्या बांगड्या ऐकू आल्या. मला राग येईल म्हणून हे त्यांनी आजवर सांगितलं नव्हतं.

तांब्या तुला ठेवायचा असेल तर तसं लिही. नवरा गेला तो तुझ्या घरात. त्यांचं अक्षर तुझ्या दारावर. शेवटचं पाणी तुझ्या हातचं. माझं म्हणावं असं एक पितळी भांडं उरलं, तेही तुला सोडवत नाही.

आणि आता जे इतके महिने लिहिलं नाही ते लिहिते. एवढं लखलखीत घर, पाणी उकळलेलं, झाकलेलं. त्यांच्या खांद्याला माझा तांब्या. मग ताप कुठल्या पाण्यातून आला? तुझ्याच की नाही?

तारामती

---

कवडगाव
ता. २७ जानेवारी १९५१

गं. भा. अक्कांस नमस्कार.

तुम्हाला पाहिजे होतं तसं लिहिलं आहे.

माझं पाणी वाईट नव्हतं. हे मी आधी लिहिते, मग बाकीचं. त्यांनी मला सांगायला मना केलं होतं. पण माझ्या पाण्यावर नाव आलं, तर मी गप्प बसणार नाही.

पहिले दोन महिने ते तुमचा तांब्या खांद्याला लावून घरोघर जायचे. कुणाच्याही घरी माणूस गेलं की बाई आधी गूळ-पाणी पुढे करते. दादा गूळ घ्यायचे, पाण्याला हात जोडायचे आणि आपल्या तांब्यातलं प्यायचे. मग सांगायला लागायचे, पाणी असं ठेवा, हात असे धुवा. बायका माना डोलवायच्या आणि काही करायच्या नाहीत. मग दारंच लागायला लागली. वेशीबाहेरच्या वस्तीत चांगुणा म्हणून आहे. ती त्यांच्या तोंडावर म्हणाली, "सायेब, आमचं पानी तुमच्या गळ्याखाली उतरत नाई, मग तुमचं बोलनं आमच्या कानात कसं उतरंल?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी मी तांब्या भरून सोप्यात ठेवला, तो त्यांनी परत आणून खिळ्याला टांगला. आणि पहिल्यांदा, हवेत नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "भामा, ताराला यातलं काही कळवायचं नाही."

तेव्हापासून ज्या घरी पाणी पुढे आलं, त्या घरी प्यायले. चांगुणेच्या घरी आधी. लहान घर नाही, मोठं घर नाही, सगळीकडे. मग बोलायचे. आणि मग दारं उघडली. झरोके त्यानंतरचे आहेत, त्याआधीचे नाहीत.

मी रोज म्हणायची, दाराआडून, "शपथ आहे कुणाची तरी." ते वहाणा घालून निघायचे. मी तुम्हाला कळवू शकत होते. लिहायला तेव्हा यायला लागलं होतं. कळवलं असतं तर तुम्ही त्यांना परत बोलावलं असतं, आणि मला ते जायला नको होते. झालं का समाधान? वाईट काही नव्हतं त्यात, देवाशपथ. पण घरात कुणीतरी माझ्याशी, दाराआडून का होईना, शहाण्या माणसाशी बोलावं तसं बोलत होतं.

तांब्या चांगुणेकडे आहे. आषाढात तिच्या पोरीला जुलाब लागले, तिच्या घरी झाकणाचं भांडं नव्हतं. दादांनी मला पाणी उकळायला लावलं, तुमच्या तांब्यात भरलं, झाकण पिळलं आणि तिच्याकडे ठेवून आले. पोर वाचली. मागे कुणी गेलं नाही तो तांब्या आणायला. नंतर थोड्याच दिवसांत ते तापानं पडले. कुठल्या घरचं पाणी भोवलं ते मी सांगू शकत नाही. माझं नाही.

दादा गेल्यावर मी चांगुणेच्या दारी गेले होते, मागायला. पोर तो पोटाशी धरून बसली होती. माझ्यानं मागवेना. मग तुम्हाला खोटं लिहिलं, आणि एक लिहिलं की पुढचं लिहावंच लागतं.

आता फोटोचं. तुम्ही म्हणता, त्यांचं सगळं माझ्याकडे. अक्का, दीड वर्ष या घरात सकाळ-संध्याकाळ तुमचं नाव होतं. तारा पाणी दोनपदरी फडक्यातून गाळते. तारा भाजी चिरायच्या आधी धुते. तारा नखं वाढू देत नाही. मी ओगराळं टांगलं, तर म्हणाले, ताराच्या भाल्यासारखं झालं हो! चूल माझी, हात माझे भाजायचे, शाबासकी तुम्हाला. तुमच्यासमोर वाकडं तोंड करत असतील, आमच्यासमोर तुमची आरती होती. कधी कधी मी मुद्दाम फडकं एकपदरी धरायची.

फोटोवाला आला तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या चुलीपुढे माझ्या नावानं उभी राहिले. म्हणून पदर मागे घेतला. तुम्हाला टोचला असेल तर टोचू दे.

तापात ते तुम्हालाच हाका मारत होते. पाणी माझ्या हातून घेतलं, पण नाव तुमचं घेऊन. हेही सांगायचं नव्हतं.

भामा

---

चिक्कडपल्ली
ता. १२ फेब्रुवारी १९५१

चि. सौ. भामास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. पत्र डब्यात ठेवलं होतं. रोज स्वयंपाक झाला की काढायची आणि परत ठेवायची.

माझ्या मनातलं सगळं गेलं, असं लिहिणार नाही, कारण गेलेलं नाही. ते तुझ्याकडे बघून बोलले, त्या सकाळी मी तिथे असायला हवी होते. तांब्या परत आणून खिळ्याला टांगायचा होता तर माझ्यासमोर टांगायला हवा होता. मी भांडले असते. तेवढं भांडण माझ्या वाट्याचं होतं. त्यांनी तेही तुझ्याकडे ठेवलं.

तुझ्या पाण्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

शपथेबद्दल विचार केला. मी ती घातली तेव्हा मला फक्त ते माहीत होते. चांगुणा माहीत नव्हती.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "लहानपणी तसाच होता. कुणाच्याही दारी बसून खाऊन यायचा. मी मारायची." आणि थोड्या वेळानं, "तू गावी जाणार असशील तर मला इथं कुणाच्या गळ्यात घालतेस? मीही येते. माझ्या दाराला खडू कुणी लावला ते बघू दे." मी जाणार असं मी म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं, वर्ष व्हायचं आहे. त्या म्हणाल्या, "पोरांना जुलाब वर्ष बघून लागतात का?"

तर आम्ही येतो आहोत. पुढच्या सोमवारी काचीगुड्याहून निघू. भावजींना परभणी स्टेशनवर गाडी घेऊन पाठव. सासूबाईंसाठी पेंढा जास्त घालायला सांग. दारावरचं लिहिणं तसंच राहू दे, आणि मला त्याच्यासमोर उभं राहून ते बघू दे. फडकं दोनपदरी धर. मी पाहीन.

तांब्या चांगुणेकडेच असू दे, असं मी मोठ्या मनानं लिहीत नाही. आधी तो पाहीन. मागणार नाही, असं आज वाटतं. तिथे गेल्यावर काय वाटेल ते आज सांगत नाही.

मी येताना दुसरा तांब्या आणणार नाही. पहिल्यांदा तिच्याच घरी जाऊ. ती पाणी उकळते की नाही, हे तू आधी जाऊन विचारून ठेवू नकोस. ती जे देईल ते आधी घेईन. मग बोलेन.

तुझी
ताराक्का